योगिनीच्या कादंबरीतली चेटकीण

मखमलाबादच्या जरा पुढे कोशिरे मळा म्हणून वस्ती आहे. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. पहाटे गाड्या फुलबाजाराला जातात आणि दुपारी बायका कुणाच्या तरी ओट्यावर हार ओवत बसतात. असल्या वस्तीतून खुनी, दरोडेखोर आणि चेटकिणी बाहेर पडतील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण पडल्या, आणि त्या योगिनीच्या मोबाइलमधून पडल्या.

योगिनी धनराज कोशिरे. पन्नाशीला टेकलेली, अंगानं भरलेली, बोलायला कमी आणि मनात मात्र अख्खी पेशवाई. कॉलेजात इतिहास घेतला होता, तो पूर्ण व्हायच्या आत लग्न झालं. मग पंचवीसेक वर्षं शेवंती खुडली. टाळेबंदीत बाजार बंद पडला, फुलं शेतात सडली, तेव्हा हाताला चाळा म्हणून तिनं फोनवर गोष्ट लिहायला घेतली आणि एका वाचायच्या ॲपवर टाकली. पेशवाईतलं नाशिक. सगुणा नावाची एक विधवा पोर, जिनं गोदावरीच्या पाण्यात हात घातला की बुडालेल्या माणसाचं शेवटचं बोलणं तिला ऐकू येतं. आणि कोतवालीतला विसाजी नावाचा कारकून, ज्याला भुताखेतांवर विश्वास नाही पण सगुणेवर आहे. दोघं मिळून खुनाचा छडा लावतात. प्रेमाचं म्हणाल तर एवढंच, की एकदा ओल्या पायरीवरून घसरताना त्यानं तिला हात दिला. त्या एका हातावर वाचकांनी आठवडाभर धिंगाणा घातला. धनराज फुलांचे क्रेट उचलता उचलता म्हणायचा, लावून टाक की त्यांचं एकदाचं, तिथी मी बघतो.

पहिली कादंबरी लोकांनी उचलून धरली. दुसरीला 'धुरी' असं नाव ठरलं आणि तिथं गाडी अडली. एका सरदाराच्या घरात जन्मलेले वारस न्हाणीतून बाहेर आले की दोन-चार दिवसांत दगावतात, इथवर सगळं जमलं होतं. पण मारतंय कोण? दीर घ्यावा तर तो पहिल्याच पानावर ओळखू येतो. सवत घ्यावी तर ती सगळ्यांनीच घेतलेली. रहस्यकथेचा एक नियम योगिनीला पक्का ठाऊक होता, की ज्याच्याकडे कुणाचं बोट जाणार नाही तोच शेवटी निघायला हवा. असं माणूस तिला सापडेना.

ते सापडलं वत्सलाबाईच्या मोरीत.

वत्सलाबाई म्हणजे योगिनीची चुलत जाऊ, शेजारच्याच घरातली. तिच्या नातवाला न्हाऊ घालायला बायडाबाई आली होती आणि टॉवेल धरून योगिनी दारात उभी होती. मळ्यातलं कुठलंही बाळ दवाखान्यातून घरी आलं की त्याचं न्हाणं बायडाबाईच्या पायांवरच व्हायचं. योगिनीची लेक वेदिका तिच्याच पायांवर वाढली. बायडाबाई पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत सारायची, पाय लांब करून त्यांवर बाळाला पालथं घ्यायची. टाळू तेलानं भरायची, नाकाला चिमटीनं वळण द्यायची. धुरी डॉक्टर नको म्हणतात, म्हणून ती हल्ली शेगडी लांब ठेवून ओव्याचा नुसता वास खोलीत फिरवायची. पण हे सगळं व्हायच्या आधी पहिला तांब्या ती स्वतःच्या पायांवर ओतायची आणि पुटपुटायची, "आधी माझ्यावर, मग लेकरावर." पाणी कढत असेल तर चटका आधी आपल्याला बसावा, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना तो ठाऊक होता आणि म्हणून कुणी तो कधी विचारला नव्हता.

त्या दिवशी वाफेतून ते पुटपुटणं योगिनीच्या कानावर आलं आणि तिच्या अंगावर काटा आला. काटा आनंदाचा होता. टॉवेल वत्सलाबाईच्या हातात कोंबून ती घरी पळाली. जेवण करपलं तरी तिला कळलं नाही. संध्याकाळपर्यंत तिची गंगू तयार झाली. सरदाराच्या घरची, सगळ्यांच्या विश्वासातली, न्हाऊ घालणारी म्हातारी. ती तो मंत्र म्हणते, बाळाचं आयुष्य आधी स्वतःवर ओढून घेते आणि उरलेलं मरण बाळाच्या अंगावर ओतते. सगुणा न्हाणीच्या पाण्यात हात घालते तेव्हा तिला ऐकू येतं ते एवढंच, "आधी माझ्यावर, मग लेकरावर."

नाव बदललं की झालं, असं योगिनीला वाटलं. बाकी तिनं काहीच बदललं नाही. पाट, लुगडं, चिमटी, तांब्या, सगळं होतं तसं उचललं. खोटं कशाला बोला, ते बदलून प्रसंग फिका झाला असता आणि प्रसंग फिका व्हावा असं तिला वाटत नव्हतं.

'धुरी' गाजली. पुस्तक निघालं, कुणीतरी ती मोठ्यानं वाचून तिचं ऑडिओही केलं आणि मळ्यातल्या बायकांनी हार ओवता ओवता ते ऐकलं. बायडाबाईही त्यांत असायची. शेवंतीचा छोटा तुकडा होता तिचा, एकटीच राहायची, दुपारी हारांना यायची. गंगू पकडली गेली त्या दुपारी सगळ्या बायकांनी एकदम वळून बायडाबाईच्या हातांकडे पाहिलं आणि हसून हसून लोळल्या. कुणीतरी विचारलं, मावशी, आमच्या पोरांचं आयुष्य कुठल्या डब्यात ठेवलंय? बायडाबाईही हसली. योगिनी तर अशी फुलली होती की विचारू नका.

मग कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. मळ्यातलं एक बाळ बायडाबाईच्या न्हाण्यानंतर दुसऱ्या दिवशी तापलं. डॉक्टर म्हणाले साथीचा ताप आहे, आणि तो तीन दिवसांत उतरलाही. बायडाबाईपुढे कुणी ब्रही काढला नाही. फक्त त्याच्या पुढच्या घरानं सांगितलं, आम्हीच घालतो आता, मोबाइलवर बघून. त्याच्या पुढच्या घरी सासूलाच न्हाऊ घालायची हौस आली. आणि एकीनं तर पंचवटीतून मालिशवाली लावली, स्कूटीवर येणारी. योगिनीच्या हे ध्यानात आलं ते एका बारशाला. पाळण्याची दोरी पहिल्यांदा ओढायचा मान बायडाबाईचा असायचा आणि ती कुठं दिसेना. योगिनीनं विचारलं तर बाळाची आत्या पेढा तिच्या तोंडात घालत म्हणाली, "तुझ्यामुळंच गं बाई." आणि हसली.

तो पेढा योगिनीला गिळवेना. घरी येऊन तिनं स्वतःशी बरीच वकिली केली. गोष्ट ती गोष्ट. अमरावतीच्या, सोलापूरच्या वाचकांनी काय कुणाला वाळीत टाकलं? पण सोलापूरच्या वाचकाच्या घरी बायडाबाई जात नव्हती ना. ज्या चार घरांत ती जात होती त्याच घरांत योगिनीनं तिला चेटकीण करून धाडली होती. हे तिला कळत होतं आणि कळूनही ती गप्प बसली, कारण बोलायला जावं तर विषय आपणच उघडा करायचा. विसरतील लोक, असं म्हणून तिनं तिसरा भाग लिहायला घेतला.

मार्गशीर्षात वेदिका निफाडहून बाळंतपणाला आली. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर योगिनीनं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की मावशींना निरोप धाडते. हाच मोका होता. लिहिणारीच्या घरचं बाळ बायडाबाईच्या पायांवर गेलं की मळ्याची तोंडं आपोआप मिटतील, असा तिचा हिशेब होता.

वेदिका म्हणाली, "आई, मावशी नको."

"अगं, तुला त्यांनीच न्हाऊ घातलंय."

"माहितेय. मावशी चांगल्याच आहेत. पण तू ते इतकं भारी लिहिलंस ना, डोळ्यांसमोरून जातच नाही. मी तिथे बसले तर मला तेच दिसणार."

आजवर वाचकांनी योगिनीचं कौतुक पुष्कळ केलं होतं. असं कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायडाबाई न बोलावताच आली. ओवा आणि वावडिंगाची पुडी पदरात बांधलेली. योगिनी ओट्यावर कोवळ्या उन्हात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बायडाबाई समोर टेकली, हात पुसले आणि पुढे केले. योगिनीला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "आत्ताच झोपलीय, मावशी."

बाळ टक्क डोळे उघडे ठेवून दोघींकडे बघत होतं.

बायडाबाईनं ते डोळे बघितले. "झोपू दे मग," म्हणाली, पुडी ओट्यावर ठेवली आणि उठली.

योगिनीनं मागाहून स्वतःला शंभरदा सांगून पाहिलं, की वेदिकासाठी खोटं बोलले. ते खरं नव्हतं. म्हातारीचे हात पुढे आले तेव्हा तिचा स्वतःचा हात बाळाला घेऊन मागे सरकला होता, वेदिकाची आठवण व्हायच्याही आधी. ज्या बाईनं गंगू लाकडाच्या बाहुलीसारखी स्वतःच्या हातानं घडवली, तिलाही त्या क्षणी बायडाबाईच्या जागी गंगू दिसली. याची तिला इतकी लाज वाटली की तिनं त्या दिवशी आरशात बघून कुंकूसुद्धा लावलं नाही.

पाचवीला मळ्यातल्या बायका जमल्या. पूजा झाली, घुगऱ्या वाटून झाल्या आणि योगिनीनं घसा खाकरून सगळ्यांना सांगितलं. गंगू मी मनानं रचली. मावशी पहिला तांब्या पायांवर घेतात तो पाणी बघायला, आणि मी त्याचा मंत्र केला. चूक माझी आहे, तुम्ही मावशींना बोलवा. तिला वाटलं, आता कुणीतरी रागावेल, कुणीतरी रडेल.

कुणी रागावलं नाही. वत्सलाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "अगं येडे, गोष्ट खोटी हाय ते आम्हाला कळत नाय का? आम्ही काय खुळ्या हाय? पण लेकराचा प्रश्न हाय ना. मनात एकदा आलं ते आलं. कशाला उगा?" बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि घुगऱ्यांत मीठ जरा कमी पडलंय यावर बोलणं गेलं.

त्यांचा कादंबरीवर विश्वास असता तर योगिनीला तो मोडून काढता आला असता. जो नाहीच तो मोडणार कसा?

शेवटी ती बायडाबाईच्या घरी गेली. जायला हवं होतं ते सहा महिन्यांपूर्वी, पण उशिरा का होईना गेली. बायडाबाई अंगणात शेवंती निवडत होती. योगिनी तिच्या समोर जमिनीवर बसली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. वत्सलाबाईच्या मोरीतलं, टॉवेल टाकून पळालेलं, आणि परवा बाळ जागं होतं तेसुद्धा.

बायडाबाई फुलं निवडत राहिली. मग म्हणाली, "गोष्ट चांगली हाय तुझी. मला बी शेवटपर्यंत कळलं नाय मारतंय कोण. मला वाटलं, सवत असंल."

योगिनीला रडू फुटलं. म्हातारीनं तिला रडू दिलं, समजूत काढली नाही.

"त्या दिवशी समद्या हसल्या, म्हणून मी बी हसले," ती म्हणाली. "मग बोलावणं यीना. मला वाटलं, आता हात खरबरीत झालं आपलं, नव्या पोरींना नको वाटत असंल. म्हणून रोज खोबरेल लावीत होते हाताला. बोलावणं का यीना, ते लय दिसांनी कळलं."

योगिनी डोळे पुसत म्हणाली, की तिसऱ्या भागात मी सगळं फिरवते. गंगूवर आळ होता, मारणारा दुसराच निघाला, असं दाखवते. सगुणा तिच्या पाया पडते असं लिहिते.

"लिही की. पण ती बी गोष्टच ना?"

 योगिनीनं हात जोडले. उद्या घरी या, म्हणाली, माझ्या नातीला तुमच्या पायांवर घ्या, वेदिकाला मी बघते. बायडाबाईनं पहिल्यांदा मान वर केली. तिला यायचं होतं. ते तिच्या तोंडावर इतकं उघड दिसत होतं की योगिनीला तिकडे बघवेना.

"नको," बायडाबाई म्हणाली. "थंडीचं दिस हायेत. लेकराला साधी सर्दी झाली तरी नाव माझं यील. मग मला या मळ्यात राहता बी यायचं नाय. तूच घाल न्हाऊ. पाणी बघून घाल."

योगिनीनं तेच केलं. रोज सकाळी पाट मांडायची, पाय लांब करायची आणि बाळ किंचाळायला लागायचं. पोर पायांवरून घसरायची, पाणी कधी कोमट, कधी नुसतं गार. मोरीची जाळी मागच्या पाऊलवाटेवर उघडते. एका सकाळी बाळ असं रडत होतं की वेदिकाही दारात येऊन रडायला लागली. तेव्हा जाळीबाहेरून आवाज आला. "पालथी घे. कपाळ घोट्यावर टेकू दे, नाक मोकळं ठेव. आता पाणी पाठीवर सोड, डोक्यावर नको." योगिनीनं तसं केलं. बाळ हुंदके देत देत गप्प झालं, मग चक्क पेंगायला लागलं. योगिनी ओल्या हातांनी जाळीपाशी गेली आणि म्हणाली, मावशी, आत या. बायडाबाई कुंपणाच्या पलीकडे डोक्यावर फुलांची पाटी घेऊन उभी होती. फाटक हाताच्या अंतरावर होतं. तिनं नुसती मान हलवली आणि चालू लागली.

त्यानंतर दोन दिवसांनी बाळाला सर्दी झाली. व्हायचीच होती. पहाटे शेवंतीवर दव गोठावं इतकी थंडी पडली होती आणि योगिनीचं पाणी तर तुम्ही बघितलंच. डॉक्टरांनी नाकात घालायचे थेंब दिले आणि काळजी करू नका म्हणून सांगितलं. पण नाक चोंदलेलं बाळ नीट पीत नव्हतं, वेदिकाचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि तिन्हीसांजेला वत्सलाबाई मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन दृष्ट काढायला आली.

"परवा ती कुंपणापाशी उभी व्हती म्हणं," बाळावरून मूठ उतरवता उतरवता ती म्हणाली. तिच्या सुनेनं गच्चीवरून बघितलं होतं. योगिनी म्हणाली, अक्का, पाणी मी घातलं, गार मी घातलं, सर्दी माझ्यामुळे झाली. वत्सलाबाई हूं म्हणाली आणि मूठ शेगडीत टाकली.

मिरच्या तडतडल्या आणि असा ठसका उठला की तिघी खोकून खोकून बेजार झाल्या. दृष्ट असली की मिरचीचा ठसका येत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एवढा ठसका म्हणजे बाळाला कुणाचीच नजर नव्हती. योगिनीला त्या धुरात एकदम हलकं वाटलं. तिचं लिहिणं, तिचं सांगणं, तिची कबुली, कशाचाच उपयोग झाला नव्हता. पण मिरची खोटं बोलत नाही, हे तर वत्सलाबाईही मानते.

"बघा अक्का," ती म्हणाली, "मावशीची नजर नव्हती."

"नव्हती खरी," वत्सलाबाईनं पदरानं डोळे पुसले. "बरं झालं, आत घेतली नाहीस तिला. त्यानंच वाचलं लेकरू."

योगिनीचा तोल गेला. आता जे खरं आहे ते सगळं सांगायचं, काही मागे ठेवायचं नाही, असं ठरवून ती बोलली. "मी बोलावलं होतं त्यांना, अक्का. हात जोडून बोलावलं होतं. त्याच आल्या नाहीत. म्हणाल्या, थंडीचे दिवस आहेत, बाळाला सर्दी झाली तर नाव माझं येईल."

वत्सलाबाई खोकायची थांबली. तिनं योगिनीकडे बघितलं, मग वेदिकाकडे बघितलं.

"म्हंजे तिला आधीच ठाव व्हतं," ती हळूच म्हणाली, "लेकरू आजारी पडणार ते."

योगिनीनं तोंड उघडलं, पण तोवर वेदिकानं बाळाला छातीशी ओढून घेतलं होतं.